मजकुरापासून पंच कार्ड : छोटा प्रोग्राम आणि बाराखडीच्या बारा ओळी

पंच कार्ड म्हणजे काय हे मुलांना समजावून सांगत बसण्यापेक्षा ते त्यांच्या हातात दिलेले बरे. जाड कागदाचा तुकडा, त्यात भोके, आणि त्या भोकांतून नुसत्या डोळ्यांनी वाचता येणारे आपलेच नाव. सुटीतले शिबिर असो, शाळेचे विज्ञान प्रदर्शन असो की चवथीचा देखावा, कुठेही खपून जाते. सामान किरकोळच लागते: पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा असलेला संगणक, प्रिंटर किंवा बाजारातले झेरॉक्सचे दुकान, जाड कागद आणि भोके पाडायचे हत्यार. इंग्रजी मजकुराचे काम चटकन उरकते. खरा गुंता देवनागरीत आहे आणि मजाही तिथेच.

आधी कार्ड ओळखून घ्या

अमेरिकी संशोधक हर्मन हॉलरिथची भोकांची कार्डे १८९०च्या अमेरिकी जनगणनेत वापरली गेली. आज आपल्या डोळ्यांसमोर येते ते ८० रकान्यांचे, उभट चौकोनी भोकांचे कार्ड आयबीएमने १९२८ साली आणले. त्यात ८० उभे रकाने आणि १२ आडव्या ओळी असतात; एका रकान्यात एक अक्षर बसते. ओळींची नावे मात्र सरळ क्रमाने येत नाहीत. सगळ्यांत वर १२, तिच्याखाली ११, मग ०, आणि त्याखाली १ ते ९. प्रोग्राम लिहिताना ही यादी याच क्रमाने एकदा लिहून ठेवा आणि पुढे सगळीकडे तीच वापरा. ‘बारावी ओळ’ म्हणजे तळाची ओळ असे समजून बसले की सगळे कार्ड उलटेपालटे होते.

इंग्रजी अक्षरे: चार ओळींचा नियम

अंकाला एकच भोक: ७ असेल तर ७च्या ओळीत. मोकळ्या जागेला भोकच नाही. इंग्रजी अक्षराला दोन भोके, एक वरच्या तीन ओळींपैकी एकीत आणि दुसरे खालच्या अंकांत. ‘ए’ ते ‘आय’ या नऊ अक्षरांना १२ आणि सोबत १ ते ९. ‘जे’ ते ‘आर’ यांना ११ आणि १ ते ९. ‘एस’ ते ‘झेड’ ही आठच उरतात. त्यांना ० आणि २ ते ९. शेवटच्या गटात १ का नाही? ० आणि १ ही जोडी तिरप्या रेघेला दिलेली आहे. नियम गणिताने लिहिणार असाल तर ही एका घराची उडी लक्षात असू द्या, नाहीतर ‘एस’पासून पुढचे प्रत्येक अक्षर एका घराने घसरेल.

गोव्याची तीन इंग्रजी अक्षरे, जी-ओ-ए, अशी दिसतात:

१२ ■ · ■
११ · ■ ·
०० · · ·
०१ · · ■
०२ · · ·
०३ · · ·
०४ · · ·
०५ · · ·
०६ · ■ ·
०७ ■ · ·
०८ · · ·
०९ · · ·

प्रोग्रामने पहिल्यांदा हेच चित्र पडद्यावर काढावे. कागदाचा विचार नंतर.

देवनागरीसाठी आपलीच सारणी

जुन्या सारणीत देवनागरी नाही. सोपी वाट युनिकोडची, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या खुणेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीची: तिथे देवनागरीसाठी १२८ जागांचा गट आहे, म्हणजे सात ओळींत दोन-अंकी (० आणि १च्या) पद्धतीने प्रत्येक खूण बसते. प्रोग्राम छोटा होतो आणि बिनचूक चालतो. तरी मी ती वाट घेत नाही. तसे कार्ड डोळ्यांनी वाचता येत नाही, आणि वाचता येणार नसेल तर कागदाला भोके पाडण्याचा खटाटोप कशाला?

त्यापेक्षा कार्डाकडे नीट बघा. ओळी बारा आहेत आणि आपली खडीही बारांचीच! मग एकट्या भोकाला स्वर द्यायचा. वरून खाली: १२ म्हणजे अ, ११ म्हणजे काना, ० पहिली वेलांटी, १ दुसरी वेलांटी, २ पहिला उकार, ३ दुसरा उकार, ४ एक मात्रा, ५ दोन मात्रा, ६ ओ, ७ औ, ८ अनुस्वार, ९ विसर्ग. शाळेत घोकलेला क्रम जशाचा तसा.

व्यंजनाला दोन भोके. वरच्या पाच ओळी (१२, ११, ०, १, २) म्हणजे क, च, ट, त, प हे पाच वर्ग. मधल्या पाच ओळी (३ ते ७) म्हणजे वर्गातली पहिली ते पाचवी जागा. क म्हणजे १२ आणि ३, ण म्हणजे ० आणि ७, म म्हणजे २ आणि ७. उरलेल्यांत य, र, ल, व, ळ यांना ८ आणि ३ ते ७; श, ष, स, ह यांना ९ आणि ३ ते ६. ९ आणि ७ ही जोडी पाय मोडण्याच्या खुणेला. क्ष आणि ज्ञ वेगळे लागत नाहीत, ते जोडाक्षर म्हणून आपोआप सुटतात.

शब्दाच्या सुरुवातीचे स्वर अ-च्या खडीने लिहा: उसगावचा उ म्हणजे आधी अ, पुढच्या रकान्यात पहिला उकार. जुन्या लिपीसुधारकांनी ‘अि, अु’ लिहिण्याचा आग्रह धरला होता. कागदावर तो फारसा रुजला नाही, पण इथे फार उपयोगी पडतो. व्यंजनातला अ मात्र वेगळा लिहायचा नाही.

ृ, ॅ, ॉ यांना वरच्या पाच ओळींतल्या जोड्या द्या: १२-११, १२-०, १२-१. अशा एकूण दहा जोड्या निघतात. उरलेल्या विरामचिन्हांना पुरतात. अंकांसाठी ८ आणि ९ दोन्ही पाडून वरच्या दहा ओळींपैकी एक, वरून खाली ० ते ९. आणि हे कार्ड बाराखडीचे आहे हे कळावे म्हणून पहिल्या रकान्यात नुसते ८ आणि ९.

‘गोवा’ आता असा (पहिला रकाना खुणेचा):

१२ · ■ · · ·
११ · · · · ■
०० · · · · ·
०१ · · · · ·
०२ · · · · ·
०३ · · · · ·
०४ · · · · ·
०५ · ■ · · ·
०६ · · ■ ■ ·
०७ · · · · ·
०८ ■ · · ■ ·
०९ ■ · · · ·

प्रोग्राम

पायथनमध्ये खुणेपासून ओळींच्या यादीकडे नेणारी एक डिक्शनरी करा. व्यंजने हाताने भरू नका. पाच वर्ग पाच ओळींत लिहून लूपने भरा, म्हणजे एखादे अक्षर चुकीच्या घरात जाण्याची भीती राहत नाही. मग कामाचा ओघ असा:

मजकूर घ्या
सुटे स्वर ‘अ + खूण’ असे बदला
शब्द वेगळे करा
नवे कार्ड: पहिल्या रकान्यात ८, ९
प्रत्येक शब्दासाठी:
  उरलेल्या रकान्यांत मावत नसेल तर नवे कार्ड
  प्रत्येक खुणेसाठी सारणीतली भोके पुढच्या रकान्यात
  शेवटी एक रकाना मोकळा
सारणीत नसलेली खूण आली तर थांबा आणि ती दाखवा

ही शेवटची ओळ गाळू नका. अनोळखी खूण गुपचूप टाकून देणारा प्रोग्राम काही उपयोगाचा नाही.

मराठीत एक ठिकाण हमखास अडवते. ‘डिचोली’ शब्द पायथन ड, ि, च, ो, ल, ी असा सहा खुणांत सोडतो. वेलांटी दिसायला ड-च्या आधी असली तरी साठवणीत नंतर येते, आणि आपल्याला तसेच हवे आहे. अडचण येते ती ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत. पहिल्यात रफार, दुसऱ्यात अर्धा र. हा अर्धा र कीबोर्डप्रमाणे दोन तऱ्हांनी टाइप होतो: कुठे टिंबवाला ऱ, तर कुठे साधा र, पाय मोडण्याची खूण आणि मागोमाग न दिसणारे जोडचिन्ह. सुरुवातीलाच दुसरी तऱ्हा पहिलीत बदलून घ्या आणि ऱ-ला १२-२ ही जोडी द्या. नाहीतर डोंगरातल्या दऱ्यांच्या जागी समुद्र येईल.

चाचणीला गोव्याचे बाराही तालुके एका दमात द्या: पेडणे, बार्देश, तिसवाडी, डिचोली, सत्तरी, फोंडा, मुरगाव, सासष्टी, केपे, सांगे, काणकोण, धारबांदोडा. स्वल्पविराम काढून, मध्ये एकेक रकाना सोडून आणि खुणेचा रकाना धरून ८६ रकाने होतात. म्हणजे पहिले अकरा ७५ रकान्यांत बसतात आणि एकटा धारबांदोडा दुसऱ्या कार्डावर जातो. तुमचा प्रोग्राम ‘धारब’वर तुटला तर शब्द मावतो का हे तपासणारी ओळ चुकली आहे. सुट्या स्वरांसाठी आगशी आणि उसगाव वेगळे देऊन बघा.

चित्र आणि भोके

चित्र एसव्हीजी फाइलमध्ये काढा. ती साध्या मजकुराचीच फाइल असते, प्रत्येक भोकामागे एक चौकोन लिहायचा. मूळ कार्ड १८७.३ गुणिले ८२.६ मिलिमीटर. पहिल्या रकान्याचा मध्य डाव्या कडेपासून ६.३८ मिलिमीटरवर आणि पुढचा प्रत्येक २.२१ने पुढे, ओळींचे मध्य वरच्या कडेपासून ६.३५, १२.७ असे ६.३५च्या पटीत. भोक १.४ रुंद, ३.२ उंच. ए-फोर कागद उभा धरला तर त्यावर तीन कार्डे मावतात. दुकानात ‘पानाला बसवून’ छापू देऊ नका, १०० टक्के मापातच छापायला सांगा आणि तिथेच पट्टी लावून बघा.

आता खरे बोलायचे तर या मापात हाताने भोके पाडणे डोकेदुखी आहे. शेजारच्या दोन भोकांमध्ये जेमतेम ०.८ मिलिमीटर कागद उरतो. कटर जरा सरकला की फाटला. लेझर कटर हाताशी असेल तर मूळ माप ठेवा. नसेल तर मोठे कार्ड करा: ए-फोर आडवा, ३० रकाने ९ मिलिमीटरवर, ओळी १२ मिलिमीटरवर, भोक ५ मिलिमीटरचे गोल. ऑफिसातला कागदाचा पंच मधल्या ओळींपर्यंत पोचत नाही. हार्डवेअरच्या दुकानातून चामड्याला भोक पाडायचा पोकळ पंच घ्या, खाली लाकडी पाट ठेवा आणि हातोडीचा एकच ठोका मारा. लहान मुलांना पंच धरू द्या, हातोडी मोठ्यांनी घ्यावी.

मूळ कार्ड सुमारे ०.१८ मिलिमीटर जाड, म्हणजे झेरॉक्सच्या कागदाच्या दुपटीच्या जवळ. पावसाळ्यात मात्र आपल्याकडची हवा कागदाला सुखाने राहू देत नाही. जाड कागद ओल धरतो, एका दिशेला जास्त फुगतो आणि कडा वळतात. जून ते सप्टेंबरात करायचे असेल तर पाकीट फोडले त्याच दिवशी छापून भोके पाडा आणि तयार कार्डे सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा.

उलटे वाचून बघा

भोके पाडण्याआधी उलटा प्रोग्राम लिहा: भोकांच्या याद्या द्यायच्या, मजकूर परत घ्यायचा. तीच डिक्शनरी उलटी केली की झाले. फक्त ‘अ + खूण’ पुन्हा सुटा स्वर करायला विसरू नका. उलटी करताना घरांची संख्या कमी झाली तर समजा, दोन खुणांना तीच भोके दिली गेली आहेत. आलेला मजकूर मूळ मजकुराशी खुणेला खूण ताडून पाहा, नुसता डोळ्यांनी वाचू नका. शेवटी कार्ड खिडकीशी धरा आणि सारणी हातात देऊन दुसऱ्या कुणाला तरी वाचायला सांगा. वरचा डावा कोपरा तिरपा कापलेला असू द्या, म्हणजे कार्ड उलटे धरले तर लगेच कळते.