पहिला पॅच पाठवायचाय? हे बघ आधी

सांगलीत रूमवर बसून ओपन सोर्स प्रोजेक्टला (ज्याचा कोड कुणालाही बघता-बदलता येतो) पहिला पॅच, म्हणजे आपण केलेला बदल, पाठवणार असशील तर आधी रेपोतली (प्रोजेक्टचा कोड ठेवतात ती जागा) कॉन्ट्रिब्युटिंग फाइल, म्हणजे बदल कसा पाठवायचा त्याचे नियम, वाच लेका, निम्मी पोरं तिथंच गंडतात. मग फोर्क (रेपोची आपल्या खात्यावर कॉपी), क्लोन (ती कॉपी आपल्या मशीनवर उतरवणं), आणि मेनला, म्हणजे मुख्य शाखेला, हात न लावता कामासाठी वेगळी ब्रँच म्हणजे शाखा. काम छोटंच धर, मराठी भाषांतरातली चूकपण चालते. एका पॅचमध्ये एकच बदल! मी एकदा बगसोबत अख्ख्या फाइलचे टॅब-स्पेसपण 'सुधारले', डिफ (जुन्या-नव्या कोडमधला फरक) एवढा लांबला की रिव्ह्यू करणाऱ्यानं वाचलाच नाही, बरोबरच केलं म्हणा. टेस्ट चालव, कमिट मेसेजची (बदल नोंदवताना लिहायच्या टिपेची) पहिली ओळ ५० अक्षरांच्या आसपास ठेव, खाली बदल का केला ते लिही, काय केला ते डिफमध्ये दिसतंय की. लिनक्स कर्नलला (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) 'साइन्ड-ऑफ-बाय' ओळ, म्हणजे हा कोड द्यायचा मला हक्क आहे अशी नावानिशी कबुली, लागतेच. उत्तर आलं नाही तर आठवडाभर थांब, तवर भडंग खा, मग एकदाच हळूच विचार.