जुन्या घोस्टने डिस्क क्लोन करताना
नॉर्टन घोस्टसारख्या जुन्या सॉफ्टवेअरने विंडोज ७ ची डिस्क एसएसडीवर (चिपवर चालणाऱ्या वेगवान डिस्कवर) क्लोन करायची, म्हणजे हुबेहूब उतरवायची असेल, तर नुसता सी ड्राइव्ह उचलू नका. त्याच्या आधी १०० एमबीचं, एरवी न दिसणारं ‘सिस्टिम रिझर्व्ह्ड’ पार्टिशन (डिस्कचा वेगळा कप्पा) असतं. बूट होण्याची किल्ली बहुधा तिथेच, म्हणून अख्खी डिस्कच क्लोन करा. कुठून कुठे हे दोनदा वाचा. उलटं झालं की डेटा गेलाच म्हणून समजा! काम संपलं की मशीन बंद करून जुन्या डिस्कची केबल काढा, मगच नवी पहिल्यांदा सुरू करा. दोघींची डिस्क सिग्नेचर, म्हणजे डिस्कची ओळखखूण, एकच असली, तर विंडोज एकीला ऑफलाइन ठेवतं, म्हणजे वापरू देत नाही. जीपीटी (पार्टिशनांची नोंद ठेवायची नवी पद्धत) डिस्कवर घोस्टच्या बहुतेक जुन्या आवृत्त्या गडबडतात; तिथे नवं सॉफ्टवेअर घ्या.