गुडघ्याच्या नसांचं आरएफ: चाचणी-इंजेक्शनपासून व्यायामापर्यंत

गुडघ्याची झीज झाली आहे, गोळ्या आणि फिजिओथेरपी काही महिने मनापासून करून झाली, तरी जिना उतरताना कळ जातच नाही. सांधा बदलायची तयारी नाही, किंवा हृदयाच्या तक्रारीमुळे ते ऑपरेशन जोखमीचं आहे. अशा वेळी जेनिक्युलर नसांच्या रेडिओफ्रिक्वेन्सी अब्लेशनचा, म्हणजे आरएफचा, विचार करता येतो. सांध्यातली वेदना वर पोचवणाऱ्या बारीक नसा सुईच्या टोकाशी उष्णता देऊन बंद करतात. टाके नाहीत, पूर्ण भूल नाही. मात्र झीज भरून येत नाही आणि वाकलेला पाय सरळ होत नाही. गुडघा मध्येच अडकत असेल किंवा लाल-गरम होऊन सुजला असेल, तर आधी त्याचं निदान करून घ्या.

आरएफ करायचं की नाही हे एक्स-रेपेक्षा चाचणी-इंजेक्शन जास्त नेमकं सांगतं. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला आतून आणि बाहेरून, आणि नडगीच्या वरच्या टोकाला आतून, अशा तीन जागी बधिर करणारं औषध देतात. प्रत्येक जागी जेमतेम १ मिली. जास्त दिलं तर ते आजूबाजूला पसरतं आणि निकाल फसवा येतो. चौथी जागा, खाली बाहेरच्या बाजूची, सहसा सोडतात, कारण तिथे जवळूनच पाऊल वर उचलणारी नस जाते.

इथून पुढचं काम रुग्णाचं, आणि बहुतेक चूक इथेच होते. त्या सकाळची वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारून टाळा. इंजेक्शनाआधी खुर्चीतून उठा, दहा पायऱ्या चढा-उतरा, थोडं चाला, आणि प्रत्येक कामाला ० ते १० मध्ये दुखण्याचा आकडा लिहा. घरी गेल्यावर पहिले सहा तास, दर तासाला, आधाराला कोणीतरी जवळ ठेवून, तेच करा. पडून राहिलात तर काहीच कळणार नाही. विश्रांतीने कुठलाही गुडघा कमीच दुखतो. ८ चा ४ झाला, म्हणजे निम्मं दुखणं गेलं, तर पुढे जायला अर्थ आहे. नुसतं ‘जरा बरं वाटतंय’ यावर आरएफ करू नये. काहीच फरक पडला नाही तर खुबा आणि कंबर तपासून घ्या; खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवणं अगदी नेहमीचं आहे.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, स्वतःहून बंद करू नका; स्टेंट असलेल्यांनी तर मुळीच नाही. पेसमेकर असेल तर तेही आधीच सांगा. गुडघ्यावर गळू, जखम किंवा पिकलेलं खरूज असेल तर तारीख पुढे ढकला. घरी वस्तऱ्याने केस काढू नका, बारीक कापलं तरी जंतूंना वाट मिळते.

प्रत्यक्ष आरएफला साधारण पाऊण तास लागतो. गुडघ्याखाली उशी देतात, मांडीला अर्थिंगचा पॅड चिकटवतात. पॅड नीट बसला नसेल तर त्याखाली भाजू शकतं, म्हणून सैल वाटला तर लगेच सांगा. सी-आर्म (पडद्यावर चालू चित्र दाखवणारं एक्स-रे यंत्र) किंवा सोनोग्राफीवर बघून सुई जागेवर नेतात. मग ५० हर्ट्झचा हलका करंट देतात, ०.५ व्होल्टच्या आत ओळखीचं दुखणं किंवा मुंग्या जाणवल्या पाहिजेत. नंतर २ हर्ट्झ, २ व्होल्टपर्यंत. यात पाय फडकता कामा नये. फडकला तर सुईची जागा बदलावी लागते. जागा पक्की झाल्यावर ती बधिर करून साध्या पद्धतीत ८० अंश सेल्सिअसवर ९० सेकंद उष्णता देतात. गाढ झोपेचं औषध मागू नका. नडगीच्या आतल्या बाजूला त्वचा पातळ असते. तिथे चटका बसला तर सांगायला तुम्ही जागे हवेत.

घरी जाताना गाडी स्वतः चालवू नका. बर्फ कापडात गुंडाळून १० ते १५ मिनिटं लावा. एक-दोन आठवडे ठणका, काळंनिळं होणं, एखादी जागा बधिर वाटणं चालतं. ताप, पू, वाढती सूज किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. गुण आला की नाही हे महिन्याभराने ठरवा.

आराम साधारण सहा महिने ते वर्षभर टिकतो, कारण नस पुन्हा वाढते. हे महिने मांडीचे स्नायू बळकट करायला वापरा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ५ सेकंद खाली दाबा, १० वेळा. मग पाय सरळ ठेवून वीतभर उचला, ५ सेकंद धरा, १० वेळा. दोन्ही सकाळ-संध्याकाळ. दुखत नाही म्हणून उकिडवं बसणं लगेच सुरू करू नका.

इतर पर्यायांपैकी स्टिरॉइडचं इंजेक्शन सुजलेल्या गुडघ्याला काही आठवडे आराम देतं. तीन महिन्यांच्या आत दुसरं नको. मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर तपासत राहा. पीआरपीवर, म्हणजे स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्सच्या इंजेक्शनवर, मोठा खर्च करण्याआधी एवढं माहीत असावं: २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत वर्षभराने दुखण्यावर त्याचा परिणाम सलाइनपेक्षा वेगळा दिसला नाही.

आरएफ पुन्हा करता येतं. म्हणून सुईच्या जागांची चित्रं, दिलेलं तापमान आणि वेळ यांची नोंद दवाखान्यातून मागून घ्या आणि चाचणीच्या दिवशीच्या आकड्यांसोबत एकाच फाइलमध्ये ठेवा.