लाकडाची राख आणि भुसा खत म्हणून विकताय? या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक ढिगापाशीच होते. गिरणीतला स्वच्छ भुसा, फर्निचरचे तुकडे, मोडकी पॅलेट, जुन्या इमारतीच्या चौकटी, सगळं एकाच भट्टीत जातं. वाळवी लागू नये म्हणून काही लाकडांत क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिक मुरवलेलं असतं, जुन्या रंगात शिसं असतं. लाकूड जळून जातं, पण धातूंचा मोठा वाटा मूठभर राखेत कित्येक पटींनी घट्ट होऊन बसतो. असं धातू मुरवलेलं लाकूड नवं असताना हिरवट दिसतं, पण उन्हापावसात राखाडी पडतं. म्हणून डोळ्यांवर विसंबू नका. प्रत्येक गाडीसोबत लाकूड कुठून आलं याची लेखी नोंद घ्या, आणि ती नसेल तर माल उतरवूच नका. एक वाईट गाडी पूर्ण लॉट बाद करते.

बॉयलरच्या तळाची राख आणि धुराड्याच्या फिल्टरमधली बारीक राखही एकत्र करू नका. कॅडमियम आणि जस्त उष्णतेने उडतात आणि धूर थंड होताना त्या बारीक कणांवर चिकटतात. दोन्हींची तपासणी वेगवेगळी करा.

आता नावाकडे वळू. राखेत नत्र जवळजवळ नसतंच, ते जळतानाच उडून जातं. उरतो तो भरपूर कॅल्शियम, थोडा पालाश आणि त्याहून कमी स्फुरद. म्हणजे बहुतेक राख चुन्यासारखी, जमिनीचा सामू (pH) वाढवणारी, म्हणजे आम्लता कमी करणारी वस्तू आहे. युरोपीय संघाच्या २०१९/१००९ या नियमावलीत खत, चुनखत (आम्लता कमी करणारा चुन्यासारखा माल) आणि भूसुधारक हे वेगळे गट आहेत आणि धातूंच्या मर्यादाही गटानुसार बदलतात. चुनखतात कॅडमियम किलोमागे २ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, सेंद्रिय खतात १.५. त्यामुळे गट आधी ठरवा, तपासणी त्यानंतर.

लेबलवरच्या आकड्यांत मात्र प्रामाणिक माणूसही फसतो. तपासणीच्या अहवालात पोटॅशियम मूलद्रव्य म्हणून लिहिलेलं असतं, लेबलवर बहुधा ऑक्साइडच्या रूपात, म्हणजे पालाश (K₂O) म्हणून द्यावं लागतं. ५ टक्के पोटॅशियम म्हणजे साधारण ६ टक्के पालाश. पण अहवाल कोरड्या वजनावरचा असतो आणि धूळ उडू नये म्हणून तुम्ही राखेवर पाणी मारलेलं असतं. पोत्यात २५ टक्के ओल असेल तर ते ६ टक्के प्रत्यक्षात ४.५ वर येतात. लेबलवर ६ छापलं तर शेतकऱ्याला कमी माल गेला, मग तुमचा हेतू काहीही असो. त्यात ढीग उघड्यावर असेल तर पालाश पावसात धुऊन जातो आणि जुना अहवाल निरुपयोगी ठरतो.

कच्चा भुसा कुजवल्याशिवाय खत म्हणून विकणं मला अजिबात पटत नाही. त्याचं कर्ब-नत्र गुणोत्तर शेकड्यांत असतं, म्हणजे एक भाग नत्रामागे शेकडो भाग कर्ब. तो कुजवणारे जिवाणू जमिनीतलंच नत्र ओढून घेतात आणि पीक पिवळं पडतं. नत्रयुक्त पदार्थासोबत नीट कुजवा, किंवा आच्छादन म्हणून विका आणि तसं स्पष्ट लिहा.

वापराच्या सूचना दोन ओळींत उरकू नका. ताजी राख डोळ्यांना आणि त्वचेला भाजते, आधीच चुनखडीच्या जमिनीत ती नको, आणि अमोनियमयुक्त खतात मिसळली तर नत्र अमोनिया होऊन उडतं. हे पोत्याच्या दर्शनी बाजूलाच छापा.