रुग्णाला वर सरकवताना पाठ सांभाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या दवाखान्यांत पलंगावर खाली घसरलेल्या रुग्णाला काखेत हात घालून वर ओढतात. याने रुग्णाचा खांदा दुखावतो आणि सिस्टरची कंबर जाते. अमेरिकेतल्या नायॉश या कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या संस्थेच्या शिफारशीनुसार रुग्ण हलवताना एकीवर साधारण 16 किलोपेक्षा जास्त भार येऊ नये. मोठ्या माणसाचा नुसता एक पायच तेवढा भरू शकतो! म्हणून उचलू नका, सरकवा.

आधी कॅथेटर (लघवीची नळी), सलाईनच्या नळ्या मोकळ्या करा. डोक्याकडचा भाग सपाट करा आणि पलंग कमरेइतका वर घ्या. रुग्णाला कुशीवर वळवून खांद्यापासून मांड्यांपर्यंत दुमडलेली चादर अंथरा. दोन्ही बाजूंना एकेक जण हवाच. चादरीच्या कडा गुंडाळत रुग्णाच्या अंगाजवळ आणून धरा. त्याला जमत असेल तर गुडघे वाकवून टाचांनी रेटायला सांगा. तुम्ही पाय फाकवून, गुडघे किंचित वाकवून उभ्या राहा आणि अंगाचा भार मागच्या पायावरून पुढच्या पायावर न्या. कंबरेत पीळ पडू देऊ नका, खरी इजा तिथेच होते.

आपल्याकडे जोडीदारीण कन्नड बोलणारी असते, तेव्हा दोघींनी एकदम सरकवण्यासाठी ‘एक, दोन, तीन’ म्हणायचं की ‘ओंदु, एरडु, मूरु’ हे आधीच ठरवा. एकीने आधी ओढलं तर सगळा भार तिच्यावर येतो.

घरच्या खाटेची उंची वाढवता येत नाही. तिथे एक गुडघा खाटेवर टेकवा आणि नातेवाइकांना दुसऱ्या बाजूला उभं करा.