गिनी खरी की खोटी: कपभर पाण्यात तपासा

जुनी ब्रिटिश गिनी (सॉव्हरिन) घेताना आधी वजन करा: ७.९८ ग्रॅम, व्यास २२ मिमी, सोनं २२ कॅरेट. मग ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा कप ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा. तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काट्यावर ०.४५ ग्रॅमच्या आसपास आकडा यायला हवा. पितळेवर मुलामा असेल तर तो दुपटीच्या घरात जातो. नाण्याला चिकटलेले बुडबुडे आकडा फुगवतात, म्हणून एकदा हलवून घ्या.

यातून फक्त सोनं कळतं, टांकसाळ नाही. २२ कॅरेटमध्येच पाडलेल्या नकला भरपूर आहेत. अक्षरं बोथट, कडेच्या रेघा अनियमित दिसल्या तर भिंगाखाली बघाच. मुंबई टांकसाळीची गिनी फक्त १९१८ची. सालाच्या वर मधोमध इंग्रजी ‘आय’ हे बारीक अक्षर असतं.

कडी लावून काढलेली, डाग दिलेली गिनी सोन्याच्याच भावाने घ्यावी. चिंचेने घासू तर अजिबात नका. आणि शंभर वर्षांपुढचं नाणं कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते परदेशी नेता येत नाही.