रोजचे छोटे क्षण देवासोबत कसे जगायचे

सकाळी उठल्यावर मोबाईल हातात घ्यायच्या आधी एक मिनिट बसा आणि देवाला एकाच गोष्टीबद्दल थँक्यू म्हणा, पण ती गोष्ट नेमकी हवी. "प्रभू, सगळ्यासाठी धन्यवाद" हे आपण सगळेच म्हणतो, तोंडपाठ असतं ते, त्यात मन कुठे टेकतच नाही. त्यापेक्षा "काल पोरगी शाळेतून आली आणि काही न बोलता येऊन बिलगली, त्याबद्दल तुझे उपकार" असं म्हणून बघा. तो क्षण परत डोळ्यासमोर येतो, मग तिथेच थोडं रेंगाळायचं, लगेच पुढच्या मागणीकडे पळायचं नाही.

आता बरेच जण म्हणतात की वेळच मिळत नाही. अहो पण वेगळा वेळ लागतच नाही! 17व्या शतकात पॅरिसच्या एका कार्मेलाइट (कॅथलिक ख्रिस्ती संघाच्या) मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे एक साधे मठवासी होते, पायाने अधू, आणि त्यांना काम कुठलं मिळालं तर मठाच्या स्वयंपाकघराचं, जे त्यांना मनापासून नावडतं होतं. तिथेच भांड्यांच्या आवाजात आणि लोकांच्या घाईगडबडीत ते देवाशी बोलत राहिले, चॅपलमध्ये, म्हणजे मठातल्या प्रार्थनाघरात, गुडघे टेकून बोलावं तसंच. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण त्यांनी आवडतं काम मिळायची वाट नाही बघितली. तुम्हीपण रोजचं एक कंटाळवाणं काम निवडा, कपड्यांच्या घड्या घालणं म्हणा किंवा बसची वाट बघणं, आणि ते काम सुरू झालं की देवाशी बोलायचं असं ठरवूनच टाका. मधे लक्ष भरकटेल, भरकटू दे, परत यायचं.

रात्रीसाठी ख्रिस्ती संत इग्नेशियस लोयोला यांची प्रार्थनेची पद्धत घ्या, 16व्या शतकातली आहे पण आजही तितकीच कामाची. आधी उपकार मानायचे, मग देवाकडे उजेड मागायचा, मग सकाळपासूनचा दिवस हळूहळू आठवायचा, चुकलं असेल तिथे क्षमा मागायची आणि उद्यासाठी कृपा मागायची. यातला क्रम बदलू नका प्लीज. आपल्याला सवय असते आधी स्वतःच्या चुका उगाळायची, पण इथे आभार पहिले आहेत, म्हणजे चुका बघताना आपण प्रेम करणाऱ्या बापासमोर बसलोय हे लक्षात राहतं.

आणि वाईट दिवस असेल तेव्हा? घरात आजारपण, नोकरी गेलेली, कोणीतरी कायमचं सोडून गेलेलं. तेव्हा कोणी "आभार मान, विश्वास कमी पडतोय तुझा" असं म्हणालं तर ते मनाला लावून घेऊ नका. आजाराबद्दल थँक्यू म्हणायला पौलाने, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या प्रेषिताने, सांगितलेलंच नाही, त्याने प्रत्येक परिस्थितीत उपकार माना असं सांगितलं, आणि तो हे आरामात बसून सांगणारा माणूस नव्हता, फिलिप्पै शहराच्या तुरुंगात फटके खाऊन, पाय खोड्यात अडकलेले असताना तो आणि त्याचा सोबती सीला मध्यरात्री प्रार्थना करत होते, गीतं गात होते. बायबलमधलं 13वं स्तोत्र वाचा, सहाच वचनं आहेत. सुरुवातच "हे परमेश्वरा, कुठवर?" अशी आहे आणि शेवटी गाणं आहे. म्हणजे आधी रडून घ्यायला पूर्ण परवानगी आहे. त्या दिवशी एवढंच म्हणा की प्रभू आज खूप दुखतंय पण तू इथे आहेस, बास.

आता धैर्याचं. बऱ्याच जणांना वाटतं की धैर्य म्हणजे भीती पळून जाणं, मला नाही तसं वाटत. बायबलमधला मेंढपाळ पोरगा दावीद धिप्पाड योद्धा गल्याथासमोर लढायला निघाला तेव्हा राजा शौलाला काय म्हणाला ते बघा, ज्या परमेश्वराने मला सिंहाच्या आणि अस्वलाच्या पंजातून सोडवलं तोच मला याच्या हातून सोडवेल. त्याचं धैर्य जुन्या उपकारांच्या आठवणीतून आलं! पण आपण विसरतो, म्हणून लिहून ठेवा. साधी वही चालेल, फोनमधल्या नोट्सपण चालतील, तारीख टाका आणि दोन ओळी, सुंदर भाषेची काही गरज नाही. देवाने कुठे सांभाळलं ते जरूर लिहा, पैशाची अडचण कशी सुटली, कोणाचा फोन अगदी वेळेवर आला, भीती वाटत असतानापण तुम्ही खरं कसं बोललात. मुलांना अधूनमधून वाचून दाखवा, बायबलमध्ये यार्देन नदी ओलांडल्यावर इस्राएल लोकांनी 12 दगड रचले ते याचसाठी, पुढे मुलांनी विचारलं की हे दगड कसले तर सांगता यावं म्हणून.

आणि जेव्हा एखादी अवघड गोष्ट समोर असेल, रिपोर्ट आणायला जायचंय, कोणाची तरी माफी मागायचीये, साहेबांना नाही म्हणायचंय, तेव्हा ती वही उघडून जुन्या दोन-तीन नोंदी मोठ्याने वाचा, छोटी प्रार्थना करा आणि लगेच उठून कामाला लागा. भीती पूर्ण जायची वाट बघत बसलात तर दिवस तसाच निघून जाईल. संध्याकाळी परत आलात की काय झालं ते त्याच पानावर खाली लिहा, मनासारखं झालं नसेल तरीपण लिहा.